काहीच घडत नसतानाच्या चाली

बुद्धिबळाच्या बहुतेक डावांत पंधराव्या-सोळाव्या चालीच्या सुमारास एक वेळ अशी येते की पाठ केलेले ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरीव चाली, संपलेले असते, दोन्ही राजे कॅसलिंग करून आपापल्या कोपऱ्यात सुरक्षित बसलेले असतात, कोणाचे काही मरत नसते आणि शहही कुठून देता येत नसतो. परभणीत संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणारी मुले नेमकी याच वेळी गोंधळतात. दोन चालींत मात करण्याची कोडी ती मोबाइलवर भराभर सोडवतात, आणि स्पर्धेत समोरच्याचा वजीर उघडा पडला तर तो टिपायला त्यांना क्षणही लागत नाही. पण पटावर काहीच पेटलेले नसले की त्यांचा हात कडेच्या प्याद्याकडे जातो आणि ते प्यादे कारण नसताना एक घर पुढे सरकते. अशा वेळी काय पाहायचे, कोणता प्रश्न स्वतःला विचारायचा आणि त्या प्रश्नावरून पुढच्या दहा चालींचा बेत कसा आखायचा, यालाच पोझिशनल खेळ म्हणतात. आणि तो शिकण्यासाठी जुन्या उस्तादांचे डाव लाकडी पटावर, एकेक चाल हाताने करत, पुन्हा पुन्हा मांडण्यासारखा दुसरा मार्ग मला आजवर सापडलेला नाही.

या विचाराची सुरुवात विल्हेल्म स्टाइनिट्झपासून करणे योग्य ठरेल. १८३६ साली प्राग येथे जन्मलेला हा माणूस तरुणपणी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्यादी आणि मोहरे उधळून राजावर चाल करून जाणारा खेळाडू होता. १८७० च्या दशकात त्याने आपला खेळ मुळापासून बदलला, १८८६ साली झुकेरटॉर्टला हरवून तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला आणि १८९४ साली लास्करकडून हरेपर्यंत त्या पदावर राहिला. हल्ला खेळाडूच्या धाडसातून जन्मत नाही, तो पटावरच्या स्थितीतून जन्मतो, हे त्याचे मुख्य सांगणे. लहान लहान फायदे गोळा करत जायचे: एखादे भक्कम घर, प्रतिस्पर्ध्याचे एखादे दुबळे प्यादे, एखादी मोकळी उभी रांग. ते पुरेसे साठण्याआधी हल्ला केला तर तो फसतो, आणि साठल्यावरही केला नाही तर मिळालेला वरचढपणा हातचा जातो. आमच्याकडच्या मुलांना हे समजावायला फार दूर जावे लागत नाही. मृगाचा पाऊस पडल्यावर काळ्या रानात वापसा येण्याआधी तिफण घातली तर चिखल फणाला चिकटतो आणि बी नासते, आणि वापसा आल्यावर दिवस घालवले तर ओल उडून जाते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. स्टाइनिट्झचे अर्धे तत्त्वज्ञान त्याला तेवढ्यात कळते. उरलेले अर्धे, म्हणजे पटावरचा वापसा ओळखायचा कसा, हे मात्र डाव पाहूनच कळते.

डाव जुनेच का, असा प्रश्न हुशार मुले विचारतात आणि तो रास्त आहे. आजचे ग्रँडमास्टर रुबिनस्टाइन किंवा कॅपाब्लांकासारख्या जुन्या उस्तादांपेक्षा कितीतरी अधिक जाणतात, बचावही कितीतरी चिवट करतात. अडचण त्या जाणतेपणातच आहे. आजच्या मोठ्या डावात पांढऱ्याच्या मनातला बेत काळ्याला पहिल्याच चालीला ओळखू येतो आणि तो लगेच मोडून काढला जातो. मग पांढरा दुसरा बेत धरतो आणि तोही मोडला जातो. पटावर आपल्याला दिसते ती या मोडलेल्या बेतांमधून उरलेली तडजोड, आणि मूळ कल्पना काय होती हे टीपा वाचल्याशिवाय उमगत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कित्येक डावांत मात्र एका बाजूच्या खेळाडूला ती कल्पना ठाऊक होती आणि दुसऱ्याला ती अजून ठाऊक व्हायची होती. त्यामुळे कल्पना पहिल्या चालीपासून शेवटापर्यंत, कोणी मध्ये न अडवता, पूर्णपणे उलगडते. शिकणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे?

आकिबा रुबिनस्टाइनने १९०८ साली लोड्झ येथे जॉर्ज साल्वेविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेला डाव मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्यासमोर मांडतो. रुबिनस्टाइनची कहाणीही मुलांना सांगण्याजोगी आहे. १९१२ या एकाच वर्षी त्याने पाच मोठ्या स्पर्धा जिंकल्या, लास्करशी जगज्जेतेपदासाठी त्याचा सामना होण्याच्या बेतात होता, आणि १९१४ च्या महायुद्धाने तो सामना होऊच दिला नाही. पण लोड्झच्या या डावापुढे मला ती कहाणीही दुय्यम वाटते.

पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच अशी अक्षरे असतात, आडव्या रांगा पांढऱ्याच्या बाजूने एक ते आठ अशा मोजतात, आणि अक्षर व आकडा मिळून घराचे नाव होते; बी-प्यादे म्हणजे बी रांगेतले प्यादे. नवव्या चालीला पांढरा घोडा सी६ वरचा काळा घोडा मारतो आणि काळा त्याला बी-प्याद्याने परत मारतो. एवढ्या बदलाबदलीने काळ्याची सी६ आणि डी५ ही दोन प्यादी डाव्या-उजव्या सोबत्यांवाचून, फक्त एकमेकांच्या आधाराने उभी राहतात. काळ्याला आपले सी-प्यादे एक घर पुढे, सी५ वर, नेता आले की ही जोडी मोकळी होते, मध्यावर तिचा वचक बसतो आणि त्याचे मोहरे श्वास घेऊ लागतात. ते नेता आले नाही तर सी६ चे प्यादे जागच्या जागी अडकते आणि त्याची राखण करण्यात काळ्याचे सगळे सैन्य गुंतून पडते. पटावर चौसष्ट घरे आहेत, पण या डावाचा निकाल सी५ या एका घरावर लागणार आहे, हे रुबिनस्टाइनने तिथेच ओळखले.

यापुढच्या त्याच्या चाली एकापाठोपाठ पाहाव्यात. अकराव्या चालीला घोडा ए४ वर जातो. घोडा कडेला ठेवू नये असे आपण मुलांना शिकवतो, पण इथून तो सी५ वर नजर ठेवतो आणि जाता जाता बी६ वरच्या वजिरालाही हुसकावतो. बाराव्या चालीला उंट ई३ वर येतो, तेराव्या चालीला हत्ती सी१ वर. काळा उंट जी४ वर येऊन ई२ च्या प्याद्यावर रोख धरतो, तेव्हा चौदाव्या चालीला एफ-प्यादे एक घर पुढे करून त्याला मागे लावले जाते. पंधराव्या चालीला पांढरा उंट स्वतःच सी५ वर जाऊन बसतो आणि थोड्याच वेळात काळ्या घरांवरून चालणारे दोन्ही उंट पटावरून जातात. म्हणजे सी५ राखू शकणारा काळ्याचा एक मोहरा कमी झाला. अठराव्या चालीला वजीर डी४ वर, पटाच्या मधोमध येतो, आणि त्याला तिथून हलवू शकेल असे काळ्याकडे काहीच नसते.

एकोणिसावी चाल आली की मी थांबतो. इथे रुबिनस्टाइन जी२ वरचा उंट एफ१ वर, म्हणजे पहिल्या रांगेत मागे घेतो. लांब कर्णावर बसलेला सुंदर उंट मागे का घ्यायचा, हे कोणालाच पटत नाही. उत्तर पुढच्याच चालीत आहे. ई-प्यादे एक घर सरकते, एफ१ पासून बी५ पर्यंतचा कर्ण उघडतो आणि बी५ वर ठाण मांडून बसलेल्या काळ्या वजिराला जागा सोडावी लागते. एकविसाव्या चालीला घोडा सी५ वर उतरतो. काळा त्याला मारतो, त्या जागी हत्ती येतो, आणि तेविसाव्या चालीला त्याच्या मागे सी२ वर दुसरा हत्ती उभा राहतो. घर आता पुरते ताब्यात आले. काळ्याचे प्यादे सी६ वर खिळले आहे आणि त्याचे मोहरे त्या प्याद्याभोवती उभे आहेत.

डावातला माझा सर्वांत आवडता भाग याच्यापुढे येतो. चोविसाव्या चालीला बी-प्यादे बी४ वर जाऊन सी५ वरचा पहारा आणखी पक्का करते, आणि मग पंचविसाव्या चालीला, जे घर मिळवण्यासाठी एवढा खटाटोप केला ते सोडून हत्ती ए५ वर जातो. पुष्कळ मुलांना इथे वाटते की रुबिनस्टाइनचा विचार बदलला. तो बदललेला नाही. सी५ वर बी४ चे प्यादे आणि डी४ चा वजीर लक्ष ठेवून आहेतच, त्यामुळे काळे प्यादे अजूनही हलू शकत नाही. आता हत्तीला ए६ वरच्या दुसऱ्या प्याद्यावर रोख धरायला मोकळीक मिळाली आहे. एक दुबळी जागा काळा राखू शकतो. दोन राखताना त्याची ओढाताण होते. ए६ वाचवण्यासाठी काळा हत्ती सी७ वरून ए७ वर जातो आणि सी६ ची राखण एकट्या वजिरावर येऊन पडते. सत्ताविसाव्या चालीला पांढरा हत्ती सी६ चे प्यादे मारतो. काळ्या वजिराने तो हत्ती मारला की बी६ हे घर रिकामे होते, डी४ पासून ए७ पर्यंतचा कर्ण मोकळा होतो आणि पांढरा वजीर ए७ वरचा हत्ती घेतो. नेमके तसेच झाले. पांढऱ्याला एक प्यादे मिळाले, आणि पुढे त्याचे बी-प्यादे अडतिसाव्या चालीला सातव्या रांगेत पोचल्यावर साल्वेने डाव सोडला. या सगळ्यात डोळे दिपवणारी चाल एकच आहे, ती सत्ताविसावी. आणि तिच्यात हिशेब अवघा दोन चालींचा आहे. ती शक्य व्हावी म्हणून आधी किती शांत चाली रचाव्या लागल्या, हे पाहिले की काहीच घडत नाही असे वाटणाऱ्या वेळी काय करायचे असते याचा पहिला अंदाज येतो.

हा डाव मला प्रथम दाखवला तो आमच्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त गणित-शिक्षकांनी. आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू. मराठीत त्या काळी अशी पुस्तके आम्हाला मिळत नव्हती. गुरुजी कामानिमित्त हैदराबादला गेले की अबिड्सच्या रस्त्यावर रविवारी भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून इंग्रजी पुस्तके घेऊन येत. त्यातल्या चाली जुन्या इंग्रजी पद्धतीने लिहिलेल्या असत, ज्यात प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूने रांगा मोजतो आणि एकाच घराला दोन नावे पडतात. त्या चाली आजच्या पद्धतीत वहीत उतरवून घेणे हेच आमचे पहिले काम असे, आणि ते करतानाच अर्धा डाव डोळ्यांत बसे. मग गुरुजी पुस्तकावर पोस्टकार्ड ठेवून पुढच्या चाली झाकत आणि विचारत, "आता तू रुबिनस्टाइन आहेस. चाल सांग, आणि आधी कारण सांग." चाल बरोबर आली तरी कारण आले नाही तर ते कार्ड खाली सरकवत नसत. कारण चांगले असेल आणि चाल वेगळी असेल तर मात्र ती पटावर करून, तिचे पुढे काय होते ते आमच्याकडून शोधून घेत. शिकवण्याची ही पद्धत मी तशीच ठेवली आहे. उस्तादाची चाल ओळखता येणे यात फारसे काही नाही. तिच्या आधी त्याने पटावर काय पाहिले असेल हे शोधण्यात सगळा अभ्यास आहे.

दुसरा डाव मी घेतो तो होजे राउल कॅपाब्लांकाचा. १९१९ साली हेस्टिंग्जच्या स्पर्धेत, जिथे त्याने अकरापैकी साडेदहा गुण मिळवले, विल्यम विंटर या इंग्रज खेळाडूविरुद्ध तो काळ्या मोहऱ्यांनी खेळला. दहाव्या चालीला विंटर घोडा डी५ वर नेतो. त्याच क्षणी कॅपाब्लांका जी-प्यादे दोन घरे पुढे, जी५ वर, ढकलतो. घोड्यांची बदलाबदल होते आणि एच४ वरच्या पांढऱ्या उंटाला जी३ वर मागे जावे लागते. त्यानंतर काळा उंट जी४ वर येतो, एफ३ वरचा घोडा मारतो, वजिरांचीही बदलाबदल होते, आणि पंधराव्या चालीला काळे एफ-प्यादे एफ६ वर सरकते. पटावर आरडाओरडा करण्यासारखे काही घडलेले नाही, दोन्हीकडचे मोहरे आणि प्यादी सारखीच आहेत. डाव मात्र इथेच ठरलेला आहे.

गेल्या उन्हाळ्यात, लाइट गेल्यामुळे आम्ही पट बाहेर ओट्यावर आणून बसलो होतो, तेव्हा या जागी मी थांबलो आणि नववीतल्या एका मुलीला विचारले की पांढऱ्याचा सर्वांत वाईट मोहरा कोणता. तिने जी३ वरच्या उंटावर बोट ठेवले आणि त्याच्या चारही वाटा एकेक करून मोजल्या. एफ४ आणि एच४ या घरांवर काळ्या प्याद्यांची नजर आहे, एफ२ वर त्याचेच प्यादे बसले आहे, आणि एच२ वर गेला तरी तिथून पुढे कुठेच जाता येत नाही. ई५ चे प्यादे मारावे तर ते एफ६ च्या प्याद्याने आणि डी६ च्या उंटाने भक्कम राखलेले आहे.

"सर, हा उंट तर कोंडूनच गेला की," ती म्हणाली.

"मग कॅपाब्लांका आता काय करेल? त्याला मारायला जाईल?"

"नाही सर. त्याला तिथंच राहू देईल अन् खेळ त्या बाजूला नेईल." तिने पटाच्या डाव्या अंगाला, ए आणि बी या रांगांकडे हात केला.

कॅपाब्लांकाने तेच केले. ए-प्यादे पुढे, राजा ई६ पर्यंत मध्यावर, हत्ती बी८ वर, मग सी६, बी५ आणि तेविसाव्या चालीला सी४. वजिराच्या बाजूला रांगा उघडल्या तेव्हा काळ्याचे दोन हत्ती आणि एक उंट लढत होते आणि पांढऱ्याचे फक्त दोन हत्ती, कारण त्याचा उंट पटाच्या दुसऱ्या टोकाला आपल्याच प्याद्यांआड बसून होता. एकोणतिसाव्या चालीला विंटरने हार मान्य केली. वजिरांची बदलाबदल कॅपाब्लांकाने एवढ्या तत्परतेने का केली, हेही इथे कळते: पटावर मोहरे जितके कमी, तितकी त्या कोंडलेल्या उंटाची गैरहजेरी पांढऱ्याला अधिक जाचते. एक उंट कमी असलेला माणूस आणि एक उंट कोंडलेला माणूस यांत फरक फारसा उरत नाही, ही गोष्ट मी कितीही वेळा तोंडी सांगितली असती तरी त्या मुलीला ती ओट्यावर त्या संध्याकाळी जशी कळली तशी कळली नसती.

याच डावात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे मी मुलांचे लक्ष मुद्दाम वेधतो. सहाव्या चालीनंतर कॅपाब्लांकाची सी-रांगेत दोन प्यादी एकामागे एक आलेली असतात. जोड-प्यादी वाईट, असा नियम प्रत्येक क्लासमध्ये शिकवला जातो आणि तो बऱ्याच वेळा खराही असतो. पण इथे त्याच जोडीतले पुढचे प्यादे सी४ वर जाऊन पांढऱ्याची फळी फोडते आणि मागचे सी६ वर येऊन बी५ ला आधार देते. ती दोन प्यादी एका रांगेत नसती तर हा बेत इतका सोपा झाला नसता. नियम पाठ केलेला खेळाडू ही जोडी पाहून नाक मुरडेल. डाव अभ्यासलेला खेळाडू आधी विचारेल की या जोडीला कुठे काम आहे.

निमझोविच, पेट्रोस्यान आणि कार्पोव या नंतरच्या उस्तादांकडे मी बऱ्याच पुढच्या टप्प्यावर वळतो, कारण त्यांचा मोठेपणा प्रतिस्पर्ध्याला काय करू दिले नाही यात असतो, आणि न घडलेली गोष्ट पाहायला नजर तयार असावी लागते. १९२३ साली कोपनहेगनमध्ये सेमिशविरुद्ध निमझोविचने पंचविसाव्या चालीला एच-प्यादे फक्त एक घर सरकवले, आणि पट मोहऱ्यांनी भरलेला असूनही पांढऱ्याला नुकसान न करणारी एकही चाल उरली नाही. १९७४ च्या नीस ऑलिम्पियाडमध्ये कार्पोवने उन्झिकरविरुद्ध चोविसाव्या चालीला आपला उंट ए७ वर, शत्रूच्या प्रदेशात नेऊन ठेवला तो कोणावर हल्ला करायला नव्हे. ए-रांग त्या उंटाने अडवल्यामुळे काळ्याला हत्तींची बदलाबदल करता येईना आणि पांढऱ्याला उंटाच्या आड आपले हत्ती निवांत रचता आले.

पेट्रोस्यानचा एक डाव मात्र मी अगदी लहान मुलांनाही दाखवतो. १९५३ साली झ्युरिकच्या स्पर्धेत रेशेव्स्कीची मधली प्यादी पुढे सरकून काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या पेट्रोस्यानला चिरडायच्या बेतात होती. त्यांना थोपवायला काळ्या घोड्याला डी५ हे घर हवे होते; सी६ वरून तिथे जाण्याचा रस्ता ई७ वरून होता, आणि ई७ वर त्याचाच हत्ती उभा होता. पंचविसाव्या चालीला पेट्रोस्यानने तो हत्ती ई६ वर नेला, जिथे पांढरा उंट त्याला सरळ मारू शकत होता. रेशेव्स्कीने पुढे तो मारला. एफ-प्याद्याने उंट परत मारला, त्याच प्याद्याने डी५ ला आधार दिला, घोडा ई७ वरून डी५ वर गेला आणि पांढऱ्याची प्यादी जागीच थबकली. डाव बरोबरीत सुटला. घोड्याला चांगले घर मिळावे म्हणून हत्ती देऊन टाकायचा, हे दहा वर्षांच्या मुलाला आधी अन्यायाचे वाटते. घोडा एकदा डी५ वर बसला की मग तोच मुलगा पांढऱ्याला आता काय चाल आहे ते शोधत राहतो आणि त्याला ती सापडत नाही.

संगणकावरच्या इंजिनबद्दलही बोलले पाहिजे, कारण आज ते प्रत्येक मुलाच्या खिशात आहे. साल्वेला अमुक चालीला अधिक चांगला बचाव होता, विंटरला तमुक चालीला प्रतिकार करता आला असता, हे ते तत्काळ दाखवते आणि ते जवळजवळ नेहमी बरोबर असते. मला त्याचे वैर नाही. मात्र मुलाने आपले कारण वहीत लिहिण्याआधी ते सुरू केलेले मला चालत नाही. इंजिन आकडा देते आणि चाल देते. सी५ या घराविषयी ते एक शब्दही बोलत नाही. ज्याने आधी रुबिनस्टाइनच्या डोळ्यांनी ते घर पाहिले आहे, त्याला इंजिनने सुचवलेला बचाव पाहून आनंद होतो, कारण तो बचावही सी५ साठीचाच झगडा आहे हे त्याला ओळखू येते. ज्याने पाहिलेले नाही, त्याच्या हाती एक आकडा लागतो आणि तो उद्यापर्यंत विसरला जातो.

मोठे शहर नाही, नावाजलेला प्रशिक्षक नाही, म्हणून खचणाऱ्या पालकांना मी मीर सुलतान खानविषयी सांगतो. पंजाबातून १९२९ साली इंग्लंडला गेलेल्या या माणसाला पाश्चात्त्य ओपनिंगची पुस्तकी माहिती जवळजवळ नव्हती. त्याच वर्षी तो ब्रिटिश विजेता झाला, १९३२ आणि १९३३ साली पुन्हा झाला, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने खुद्द कॅपाब्लांकाला ६५ चालींच्या डावात हरवले. फिडे या बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने २०२४ साली त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. तो लहानपणी खेळला तो हिंदुस्थानी पद्धतीचा डाव. आमच्याकडे खेड्यांत पारावर बसून वडीलधारी माणसे अजूनही जो देशी डाव खेळतात त्यातही प्यादे पहिल्याच चालीला दोन घरे जात नाही, एकच घर चालते. सैन्ये एकमेकांना भिडायला वेळ लागतो आणि तोवर मोहरे नीट रचण्याला महत्त्व येते. सुलतान खानच्या खेळातला संथ आवळपणा, शेवटच्या टप्प्यातली त्याची अपार चिकाटी, या मुळातून आली असावी असे मला मनापासून वाटते. म्हणून आजोबांबरोबर पारावर खेळणाऱ्या मुलाला मी कधी अडवत नाही.

सध्या आमच्या पटावर १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेतला कॅपाब्लांका आणि टार्टाकोव्हर यांचा हत्ती-प्याद्यांचा शेवट मांडलेला आहे. कॅपाब्लांकाचा हत्ती सातव्या रांगेत, एच७ वर आहे. पस्तिसाव्या चालीला तो राजा जी३ वर नेतो आणि सी३ चे प्यादे शहासकट मारू देतो. मग राजा एच४ वर, जी-प्यादे जी६ वर, आणि एफ४ चे प्यादेही तसेच शहासकट जाते. दोन प्यादी गमावून राजा जी५ वर पोचतो, आणि तिथून त्याला एफ५ वरचे काळे प्यादे फुकट मारता येते. मुलांनी एकमुखाने ते मारायला सांगितले. कॅपाब्लांका ते मारत नाही, त्याला ओलांडून एफ६ वर जातो. तिथून एच८ वर हत्तीच्या शहाने लगेच मात होण्याची धमकी असते, म्हणून काळ्या राजाला हलावे लागते. आणि एफ५ चे काळे प्यादे जागेवर असेपर्यंत त्या उभ्या रांगेतून काळ्या हत्तीला शह देता येत नाही, कारण मध्ये त्याचेच प्यादे आहे. ते मारले असते तर राजा उघड्यावर आला असता. एक मुलगा बराच वेळ पटाकडे पाहत होता. मग त्याने राजा पुन्हा जी५ वर ठेवला, काळे प्यादे उचलून बाजूला केले, काळ्या हत्तीला मोकळ्या झालेल्या रांगेत आणून शह दिला, आणि प्यादे परत त्याच्या घरात ठेवले. मी त्याला पुढच्या तीन चाली दाखवल्या: काळा राजा जी८ वर, पांढऱ्या हत्तीचा जी७ वर शह, मग त्याच हत्तीने सी७ चे प्यादे मारणे. काळ्याने हत्ती ई८ वर मागे नेऊन बचाव धरला, आणि तेव्हा कुठे, बेचाळिसाव्या चालीला, कॅपाब्लांकाच्या राजाने एफ५ चे ते प्यादे मारले.